येताना रॅकेट आणा

माझ्या आईकडे टेनिस शिकायला येणाऱ्या निम्म्या लोकांना टेनिस येत नव्हतं, आणि यावं अशी त्यांची इच्छाही नव्हती.

हे असं का, ते सांगायचं तर आधी आई सांगायला हवी. (तिची माफी मागून. तिच्याबद्दल कोणी चारचौघांत बोललेलं तिला अजिबात खपायचं नाही. लोकांनी स्वतःबद्दल बोललेलं मात्र फार आवडायचं. त्याची तर ती फी घ्यायची!)

आई नागपूरची. आजोबा रेल्वेत तिकीट कारकून आणि क्वार्टर अगदी टेनिस कोर्टाच्या कुंपणाला लागून. साहेब लोकांचे चेंडू आमच्या आजीच्या तुळशीत येऊन पडत आणि आई ते परत फेकत असे. एकदा डबल्सचा चौथा गडी आला नाही म्हणून तिला गंमत म्हणून उभं केलं. त्यानंतर त्या चौथ्या गड्याची कोणी वाट बघितली नाही. ती विद्यापीठाकडून खेळली, आणि एम. ए. मात्र मानसशास्त्रात केलं. का, तर म्हणे, "समोरचा चेंडू कुठे मारणार ते त्याच्या हाताच्या आधी तोंडावर दिसतं. मला ती तोंडं वाचायला शिकायचं होतं."

असं तोंड वाचता येणाऱ्या बाईने आमच्या बाबांशी लग्न केलं. (बाबांच्या तोंडावर वाचण्यासारखं कधीच काही नसायचं. आई म्हणायची, म्हणूनच केलं. घरी आल्यावर काम नको!) बाबा केमिकल इंजिनिअर. सत्तरीच्या दशकात तारापूरची औद्योगिक वसाहत नुकती भरत होती, तेव्हा ते दोघे बोईसरला आले. कंपनीच्या कॉलनीत क्लब होता आणि क्लबामागे एक सिमेंटचं टेनिस कोर्ट. कोण्या हौशी साहेबाने ते स्वतःसाठी बांधून घेतलं आणि पुढच्याच महिन्यात त्याची बदली झाली होती. आई पहिल्या दिवशी बघायला गेली तर बेसलाइनवर कुरडया वाळत होत्या, सर्व्हिस बॉक्समध्ये मिरच्या, आणि नेटच्या खांबांना दोरी बांधून कोणाचे तरी लेंगे.

"हे टेनिस कोर्ट आहे ना?" आईने विचारलं.

"हो. पण इथे टेनिस कोण खेळतंय?" मिरच्या उलट्या करत एक काकू म्हणाल्या.

"मी."

काकूंनी आईकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मिरच्या थोड्या बाजूला सरकवल्या. पुढची वीस-बावीस वर्षं आई त्या कोर्टावर उभी होती.

नेट नव्हतं. क्लबाने हात वर केले. तेव्हा आईने जयवंतीला गाठलं. जयवंती चिंचणीची, कॉलनीत घरोघर मासे विकायला यायची. आवाज असा की बोंबील विकायला तिला दारात यावं लागत नसे, ती रस्त्याच्या टोकाला आली की आम्ही ताट घेऊन उभे! तिने घरातलं जुनं जाळं आणून दिलं, आईने ते दुमडून, शिवून, वर पांढरी पट्टी लावून खांबांना बांधलं. झकास नेट झालं. फक्त ऊन तापलं की त्याला समुद्राची आठवण यायची. आमच्या मॅचला माणसं आली नाहीत तरी कॉलनीतल्या यच्चयावत मांजरी रांगेत बसून असत, आणि चेंडू डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे माना फिरवत.

आई शिकवायची ती पांढरी सुती साडी खोचून, खाली पायमोजे आणि कॅनव्हासचे बूट घालून. आज मला ते चित्र जगातलं सर्वांत देखणं चित्र वाटतं. पण मी नववीत होते तेव्हा वर्गातल्या कोणाची आई साडीखाली बूट घालत नव्हती. रस्त्यात ती समोरून येताना दिसली की मी थेट दुसऱ्याच्या अंगणात शिरायचे. एकदा तर ज्यांच्या अंगणात शिरले, त्यांनी "ये ये, बस" म्हणून मला हळदीकुंकवाची सुपारी दिली, आणि मी ती तोंडात घालायच्या आत तिथे आईच येऊन बसली. तिला बोलावणं होतं!

पोरं टेनिस शिकायला येत आणि त्यांच्या आया कोर्टाशेजारच्या बाकावर बसत. आई मध्ये पाणी प्यायला त्या बाकावर टेके. होता होता असं झालं, की पोरं आपापली खेळत आणि आया एकेक करून बाकावर रडत. बाबा म्हणाले, "अगं, हे तुला जमतंय तर रीतसर शिक." मग आई कित्येक महिने मुंबईला जाऊन एका इस्पितळात समुपदेशनाचं शिक्षण घेऊन आली, आणि आमच्या दारावर पाटी लागली: "मनाच्या त्रासांवर सल्ला व उपचार. संध्याकाळी भेटावे."

पाटी सकाळी लागली. दुपारच्या सुट्टीपर्यंत मी शाळेत 'वेड्यांच्या डॉक्टरची मुलगी' झाले होते.

"मंजू, तुझी आई शॉक देते का गं?"

"पलंगाला बांधतात ना आधी?"

"आणि मग तू कुठे झोपतेस?"

मी घरी येऊन दप्तर फेकलं आणि पाय आपटले. कोणाही सरळ आईने अशा वेळी एक धपाटा घातला असता. आमची आई खुर्ची ओढून समोर बसली आणि मऊ आवाजात म्हणाली, "तुला आत्ता नेमकं काय वाटतंय, मंजू?"

"मला धपाटा हवाय!" मी ओरडले.

"हं," आई म्हणाली. "आणि धपाट्यातून तुला काय मिळेल असं वाटतं?"

(तुम्हीच सांगा, अशा घरात मूल बिघडणार नाही तर काय!)

पाटीचा परिणाम असा झाला की महिनाभर कोणी फिरकलं नाही. लोक फाटकापर्यंत येत, इकडेतिकडे बघत, आणि "पोस्ट ऑफिस कुठे हो?" असं विचारून निघून जात. आई पुस्तक वाचत बसून राही. आणि इथे माझी बुद्धी चालली! मी म्हटलं, "आई, पाटी बदल. टेनिस प्रशिक्षण असं लिही. येणाऱ्यांना म्हणावं, येताना रॅकेट आणा. हातात रॅकेट असली की कोण कशाला विचारतंय?"

आईला ते पटलं नाही. "ताप आला तर कोणी लपवतं का? मग हे का लपवायचं?" असं तिने मला बराच वेळ समजावलं. पण दुसऱ्याच दिवशी फाटकापर्यंत येऊन परत गेलेला एक म्हातारा माणूस तिने खिडकीतून पाहिला. ते होते सावेकाका, चिंचणीचे चिकूवाडीवाले. आईने माळ्यावरून जुन्या, तारा तुटलेल्या लाकडी रॅकेटी काढल्या, त्यातली एक उचलली, आणि रस्त्यात गाठून काकांच्या हातात दिली. काय बोलली देव जाणे. काका रॅकेट छत्रीसारखी काखेत धरून तिच्यामागोमाग आत आले.

पाटी बदलली. आणि मग काय विचारता! कुंभवलीहून यादवजी सायकलच्या कॅरिअरला रॅकेट बांधून यायला लागले. ते एका कारखान्यात सुपरवायझर, मिशा अशा की बॉयलरही बिचकावा. जयवंती टोपलीत पापलेटांवर रॅकेट आडवी ठेवून यायची. मनोरहून एक मास्तर यायचे, ते रॅकेट उशीच्या अभ्र्यात घालून आणायचे, म्हणजे लपवलेली गोष्टच लपवायचे. यांना काय त्रास होता ते आम्हाला कधीच कळलं नाही. आईच्या तोंडून एक अवाक्षर निघत नसे. मी आपले मनाने अंदाज बांधायचे: सावेकाका कंजूष असणार, यादवजी बायकोला मारत असणार, आणि जयवंतीला तर काय, ओरडण्याचाच आजार! (हे अंदाज लक्षात ठेवू नका. मीही विसरायचा प्रयत्न करतेय.)

घर दोन खोल्यांचं. 'विद्यार्थी' आला की आम्ही दोघं बाहेर. मी मैत्रिणीकडे जायचे आणि बाबा मागच्या ओट्यावर पाण्याच्या टाकीला टेकून सकाळचाच पेपर पुन्हा वाचायचे. एकदा यादवजी लवकर आले आणि बाबांशेजारी येऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"शरमाइए मत, भाईसाहब. मैडम बहुत अच्छी हैं. पहले हम हो आते हैं, फिर आप जाइए."

"मेरा नंबर तो शादी के बाद से नहीं लगा," बाबा म्हणाले.

यादवजींनी डोळ्यांत पाणी आणून बाबांना स्वतःची पाळी दिली. बाबा खरंच आत गेले आणि आईला चहा मागून बाहेर आले.

असं सगळं बेतशीर चाललं होतं. तेवढ्यात क्लबाला नवे सेक्रेटरी आले, टिपणीस. टिपणीसांना उत्साहाचा विकार होता. आमच्या फाटकातून रोज संध्याकाळी रॅकेटवाली माणसं आत-बाहेर करताना बघून ते भारावले आणि एक दिवस थेट घरात आले.

"वहिनी! अहो, बागाईतदार, कामगार, कोळीण! सगळा तालुका तुमच्याकडे टेनिस शिकतोय आणि मला पत्ता नाही? आपण स्पर्धा भरवतोय!"

"नको," आई म्हणाली.

"नको कसं? मी पालघरच्या मोठ्या साहेबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावूनसुद्धा आलो! मंडपवाल्याला सांगितलं. कोणाची कोणाशी मॅच तेही ठरवलंय. पहिली मॅच यादव विरुद्ध जयवंती. आणि शेवटची, खास आकर्षण: सावे विरुद्ध आपली मंजू!"

मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या! मी कॉलनीची ज्युनिअर चॅम्पियन होते. (आम्ही ज्युनिअर दोघीच होतो, आणि दुसरीला दमा होता.) पालघरच्या शिंप्याकडून पांढरा स्कर्ट शिवून घ्यायचा, सगळी शाळा बघायला येणार, आणि एका म्हाताऱ्याला हरवून कप घ्यायचा. माझ्या डोळ्यांपुढे फोटोसुद्धा उभा राहिला. आईने माझ्याकडे एकदा बघितलं. तेव्हा मला वाटलं, कौतुकाने बघतेय.

दुसऱ्या दिवशी आईने सगळ्यांना एकत्र कोर्टावर बोलावलं. "तुम्ही येऊ नका. मी सांगते, तब्येत बरी नाही म्हणून."

सावेकाकांनी मान हलवली. "सगल्यांचीच तब्बेत एकदम बिगडली, तर लोक वलकतील ना, ताई."

"मग?"

"मंग शिकवा आता. काय करनार!"

आणि आईने खरंच शिकवायला घेतलं. आठवडाभर! असलं प्रशिक्षण जगात कुठे झालं नसेल. यादवजी सर्व्हिस करताना डोळे घट्ट मिटायचे आणि चेंडू मागे जायचा. जयवंती असा फटका मारी की चेंडू क्लबाचं छप्पर ओलांडून टिपणीसांच्या स्वयंपाकघरात. आणि सावेकाका चेंडू आला की बाजूला होऊन त्याला वाट द्यायचे.

"काका, मारा ना!"

"जाऊ दे ना, ताई. कुनाला मारायचं मना जमत नाय."

"काका, चेंडूला लागत नाही."

"तुमाला काय ठाव?"

यावर एम. ए. मानसशास्त्र झालेल्या आईने चेंडू उचलून खरंच तपासून बघितला.

स्पर्धेच्या दिवशी मंडप, कर्णा, वडापावची गाडी, खुर्च्यांच्या रांगा. पुढच्या खुर्चीत पालघरचे साहेब, हातात चहा. माझा स्कर्ट सकाळीच आला होता. टेनिसचा स्कर्ट म्हणजे काय हे शिंप्याला माहीत नव्हतं, त्याने शाळेचा गणवेश डोळ्यांपुढे ठेवून शिवला होता. भरपूर चुण्या, आणि खांद्यांवरून जाणारे दोन पट्टे. मी पट्टे कापून टाकले. त्या पट्ट्यांनीच स्कर्ट वर राहत होता हे मला नंतर कळलं.

टिपणीसांनी माइक हातात घेतला आणि सुटले. "आता मैदानात येताहेत आपल्या टेनिसताईंचे पट्टशिष्य श्री. यादव! वर्षभर, मंडळी, वर्षभर ते खाजगी शिकवणीला जाताहेत! पाऊस असो, ऊन असो, एक दिवस चुकले नाहीत!"

टाळ्या कडाडल्या. यादवजींनी डोळे मिटले आणि सर्व्हिस केली. चेंडू मागच्या मांजरींत पडला.

टाळ्या थांबल्या. दुसरी सर्व्हिस वडापावच्या गाडीवर. लोक हसले. मग जयवंतीची पाळी. तिने नऊवारी खोचली, "हां, घे!" असं बोंबील विकायच्या आवाजात ओरडून चेंडू हाणला, तो नेटच्या वरून, यादवजींच्या वरून, सरळ पाहुण्यांच्या चहात! साहेबांचा शर्ट चहाने चिंब. टिपणीस रुमाल घेऊन धावले, त्यांचा पाय माइकच्या वायरीत अडकला, आणि कर्ण्यातून एक शिट्टी निघाली. लांबलचक, कारखान्याच्या भोंग्यासारखी.

यादवजी जागच्या जागी खाली बसले. डोक्यावर दोन्ही हात घेऊन, थरथर कापत.

आणि सगळं मैदान हसलं. मीसुद्धा.

आई मात्र धावत कोर्टात गेली. साडी खोचलेली, बूट घातलेले, गुडघ्यांवर बसून ती त्यांच्याशी हळूहळू काहीतरी बोलत होती. माझ्या मागे कुजबुज चालली होती.

"वर्षभर शिकतोय आणि हे असं?"

"बाई शिकवते तरी काय? नुसती फी घेते वाटतं."

"साडीवर बूट घालून कुठे टेनिस येतं!"

मी मान खाली घातली. आईची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती. तेवढ्यात टिपणीस, घामाघूम, चहाचा रुमाल अजून हातात, माइकवरूनच विचारते झाले, "वहिनी, आता पाहुण्यांसमोर तुम्हीच सांगा. हे लोक तुमच्याकडे नेमकं काय शिकतात?"

आई एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. ती उठली, माइक घेतला, आणि म्हणाली, "चूक माझी आहे. ह्यांनी मन लावून केलं. मीच शिकवायला कमी पडले. मला चांगलं शिकवता येत नाही."

नागपूर विद्यापीठाकडून खेळलेली बाई! कॉलनीतली निम्मी पोरं जिच्या हाताखाली तयार झाली ती बाई! ताठ उभी राहून हे बोलली, आणि लोक पुन्हा हसले. रॅकेटीची आयडिया कोणाची होती हे तिने सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं, पण धरणीवर सिमेंट घातलेलं होतं.

आणि तेव्हा सावेकाका कोर्टात आले. त्यांची मॅच अजून नव्हती. काखेत रॅकेट, छत्रीसारखी. त्यांनी आईच्या हातातून माइक घेतला आणि उलटा धरला. आईने तो सरळ केला.

"ताईंची चूक नाय," काका म्हणाले. "मी टेनिस शिकाय येतच नव्हतो. माजी बायको गेली ना, तवापासून माजं बोलनंच गेलं होतं. घरात सुना, नातवंडं, सगली हायेत. पन शब्द निगायचा नाय. वाडीत जायचा नि झाडाखाली बसून रायचा. ताईंकडे पयल्यांदा आलो, तवा तासभर गप बसलो. दुसऱ्यांदाबी गप. ताईबी गप बसल्या. मंग एक दिस बोललो. आता तुमच्यासमोर बोलतोय. हेच शिकलो." एवढं बोलून ते दमले, आणि मग आठवल्यासारखं म्हणाले, "टेनिस नाय येत. येनारबी नाय."

मग यादवजी उठले. "हमारी आँखों के सामने टंकी फटी थी. हमारे आदमी बच गए, हम भी. लेकिन भोंपू बजता है तो हम वहीं पहुँच जाते हैं. मैडम ने कहा था, एक दिन भोंपू बजेगा और आप उठ के खड़े हो जाएँगे." त्यांनी गुडघे झटकले. "देखिए. खड़े हैं."

जयवंतीला माइक लागलाच नाही. "माजा नवरा दर्यात अडाकला होता! किती दिस होडी आली नाय! आला तो जित्ता आला, पन तवापासना तो होडी लोटतो नि माजी छाती धडधडते. मंग मी वरडते! लोक बोलतात, जयवंती भांडखोर हाय. मी भांडखोर नाय! मना भ्या वाटतं!" आणि मग थोडं खाली येत, "साएब, तुमच्या च्याची माफी करा."

म्हणजे माझे सगळे अंदाज! मी खुर्चीत इतकी खाली सरकले की शेजारच्या मुलीने विचारलं, "काही पडलंय का?"

पुढच्या रांगेतून पहिली टाळी वाजवली ती पालघरच्या साहेबांनी, चहाच्या शर्टासकट. मग सगळ्यांनी. आईला काय करावं ते सुचेना. दुसऱ्यांना रडू देणारी बाई, स्वतःचं रडू कुठे ठेवावं ते तिला कळेना. ती बुटाची नाडी बांधत बसली. बाबा उठून गेले आणि तिच्या शेजारी उकिडवे बसले. त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

इथे संपलं असतं तर माझी अब्रू वाचली असती. पण टिपणीसांचा उत्साह पुन्हा जागा झाला. "आता शेवटची मॅच! कॉलनीची चॅम्पियन मंजू विरुद्ध, आता ज्यांनी आपल्या सगळ्यांची मनं जिंकली ते, सावेकाका!"

सगळं मैदान काकांच्या बाजूने. माझ्या मैत्रिणीसुद्धा! मांजरीसुद्धा! मी सर्व्हिसला उभी राहिले. एका हाताने चेंडू उडवला तर दुसऱ्या हातात रॅकेट, आणि स्कर्ट धरायला तिसरा हात नाही. मी कंबरेला कोपर दाबून सर्व्हिस केली. नेटमध्ये. पुन्हा केली. पुन्हा नेटमध्ये. डोळ्यांत पाणी, नाक वाहतंय, आणि स्कर्ट प्रत्येक सर्व्हिसला थोडा थोडा खाली.

काका नेटपर्यंत चालत आले. "पोरी, तू मार. मी अडवीत नाय."

"तुम्ही अडवतच नाही आहात, काका!" मी रडत ओरडले. "मीच चुकतेय!"

"मंग चूक की. कोन घाई करतंय?"

त्यांची सर्व्हिस आली की ते चेंडू हाताने हळूच नेटवरून टाकायचे, मी जिवाच्या आकांताने मारायचे, आणि तो छपरापलीकडे जायचा. काकांनी शेवटपर्यंत एकदाही रॅकेट चालवली नाही. मी एकटीच हरले. मॅच हरण्यासाठी समोर खेळाडू लागत नाही, हा शोध त्या कोर्टावर मी लावला.

कप घेताना काका म्हणाले, "ह्यो मी घरी नेतो. नातवंडांना सांगाय काय तरी पायजे."

पाहुणे जाताना आईपाशी थांबले. आवाज खाली करून म्हणाले, "बाई, मलाही जरा... टेनिसबद्दल बोलायचं होतं. पालघरहून आलो तर चालेल?"

"चालेल," आई म्हणाली.

"रॅकेट आणू?"

"नको," आई म्हणाली. "तसेच या."

त्याच संध्याकाळी तिने ती पहिली, मनाच्या त्रासांची पाटी धूळ पुसून पुन्हा दाराला लावली. खिळा मी धरला, हातोडी तिने मारली. मी म्हटलं, "आई, मी हसले होते यादवजींना." ती म्हणाली, "बघितलं मी." मी वाट बघत राहिले. ती 'तुला काय वाटतंय' असं विचारेल म्हणून. तिने विचारलं नाही. तिने मला एक धपाटा घातला. चांगला, दणकून, इतर आया घालतात तसा. आणि मग जवळ घेतलं. त्या धपाट्याने मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

पुढे आईकडे इतकी माणसं यायला लागली की बाबांनी मागच्या ओट्यावर पत्रा घालून घेतला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले म्हणा ना. सकाळी कोर्ट, संध्याकाळी घर. आई गेली ती नव्वदीच्या दशकाच्या शेवटी शेवटी, थोड्याशाच आजारपणाने. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरला तिने विचारलं, "तुम्ही नीट झोपत नाही ना?" आणि तो तिच्या पलंगावर बसून अर्धा तास त्याच्या बदलीबद्दल बोलला. बाहेर पेशंटची रांग लागली होती.

भेटायला माणसं आली, ती चिंचणीपासून मनोरपर्यंतची. मी दारात उभी होते. नोकरीत धड नव्हते, दोन ठिकाणी भांडून सोडलेली. टेनिस त्या मॅचनंतर सुटलेलं. कोणी आईबद्दल चांगलं बोललं की मी रडायचे, आणि कोणी बोललं नाही की रागवायचे. केस पिकलेली जयवंती आली. आवाज तोच! तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, डोळे पुसले, आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "रडू नको, बाय. तुज्या आयशीनं मना सुदारली, त्या सावेकाकाला सुदारला, मिशीवाल्या भय्याला सुदारला." मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून एक मोठा उसासा सोडला. "तू तेवडी रायलीस!"